निघोज्याला गेलेला लाल टॅग

काळोखे पार्सलवरचा हात काढत नाहीत, त्यामुळे त्यांच्या पुस्तकाचं वजन पहिल्या फटक्यात कधीच बरोबर येत नाही. पार्सल काट्यावर ठेवतात खरे, पण उजव्या हाताची दोन बोटं त्यावर टेकलेलीच असतात. आकडे वरखाली नाचत राहतात, मागची रांग चुळबुळ करते. मी म्हणते, "काळोखे, हात." ते "हो हो" म्हणतात आणि दोनाऐवजी एक बोट ठेवतात.

मी आकुर्डीतल्या एका छोट्या टपाल कचेरीत खिडकीवर बसते. एकोणीस वर्षं बसते आहे, त्यामुळे माणसांचे नमुने मला नवीन नाहीत. राखी पाठवताना 'भावाला आवडेल का हो' असं मलाच विचारणाऱ्या बहिणी पाहिल्या. शेजाऱ्याला वकिलाची नोटीस पाठवून त्याच शेजाऱ्याच्या गाडीवर बसून घरी जाणारे पाहिले. पण दिगंबर काळोखे या सगळ्यांच्या वरताण. हा माणूस जगात कशाला भीत नाही, हे मला अजून सापडायचं आहे.

चाकणच्या एका कंपनीत गाड्यांचे सुटे भाग बनतात, तिथे काळोखे शेवटच्या तपासणीला असतात. त्यांच्या टेबलावर तीन रंगांचे टॅग. हिरवा म्हणजे माल ठीक, पिवळा म्हणजे दुरुस्तीला, लाल म्हणजे नाकारला. लाल टॅग लागलेला भाग लाल क्रेटमध्ये जातो आणि त्या क्रेटला कुलूप असतं. किल्ली काळोख्यांकडे. वय अठ्ठावन्न, अंगाने सडपातळ, शर्टाच्या खिशात कायम भिंग. लग्न केलं नाही. म्हणजे स्थळं पाहिली, चाळीसेक तरी पाहिली, पण दर वेळी घरी येऊन विचार करायचे, "काही झालं तर?" हे त्यांचं पालुपद. आई होती तोवर दोघं होते. ती गेल्यावर वन आरकेत हे एकटे आणि भिंतीला टेकलेली पुस्तकांची दोन कपाटं.

कंपनीला गुरुवारी सुट्टी, म्हणून दर गुरुवारी पावणेअकराला काळोखे माझ्या खिडकीशी हजर. सातारच्या एका निवृत्त ग्रंथपालांनी पुस्तकांच्या अदलाबदलीचं एक मंडळ चालवलंय. दर महिन्याला ते सगळ्यांना टपालाने यादी पाठवतात, कोणाकडे कोणतं वाचून झालेलं पुस्तक आहे त्याची. आपल्याला हवं ते कार्ड टाकून मागवायचं आणि बदल्यात आपलं एक पाठवायचं. यादीत नाव आणि पत्ता असतो, फोन नंबर नसतो. फोन आला की माणसं बोलत बसतात, वाचत नाहीत, असं ग्रंथपालांचं मत. काळोख्यांना हे मत फार पसंत, कारण फोनलाही ते भितात.

ही पुस्तकं जायची बुकपोस्टाने. तेव्हा ती सवलत चालू होती. बुकपोस्टाचे दोन नियम मी त्यांना पहिल्याच दिवशी सांगितले. एक, पार्सलची एक बाजू उघडी ठेवायची, आत पुस्तकच आहे हे आम्हाला बघता यावं म्हणून. दोन, आत खाजगी पत्र घालायचं नाही. पहिल्या नियमाने त्यांची झोप उडाली. उघड्या बाजूने काय काय आत शिरू शकतं, हे त्यांनी मला पुढच्या गुरुवारी वाचून दाखवलं. पाणी, वाळवी, झुरळ, विंचू आणि कोणाची तरी नजर. दुसरा नियम मात्र त्यांनी मुकाट्याने मानला. छापील फॉर्म चालेल का, एवढंच विचारलं. खुणा करण्यापुरता असेल तर चालेल, असं मी म्हटलं. तो नियम मी इतका ठासून सांगितला नसता तर पुढचं काही घडलंच नसतं, असं मला आजही वाटतं.

मग त्यांनी फॉर्म छापून घेतला. वर ठळक अक्षरांत 'पुस्तक तपासणी अहवाल'. खाली रकाने: बांधणी, पानं, डाग, वास, कीड, खुणा. आलेलं प्रत्येक पुस्तक ते तपासायचे, अहवाल भरायचे, वर टॅग दोऱ्याने बांधायचे, आणि आपलं पुस्तक पाठवताना तो अहवाल समोरच्याला पाठवायचे. आपण प्रेमाने पाठवलेल्या पुस्तकाची अशी शवचिकित्सा होऊन आली तर कोणालाही राग येईल. पण मंडळातली माणसं वाचणारी, म्हणजे सोशिक. त्यांनी काळोख्यांना चालवून घेतलं.

पार्सल पिशवीत कुठे ठेवायचं यावरूनही आमचा महिनाभर वाद झाला होता. आधी म्हणाले, वर ठेवा, खालची दबतात. पुढच्या गुरुवारी म्हणाले, वर नको, वरची भिजतात, मधे ठेवा. तिसऱ्या गुरुवारी हळूच विचारलं, "मॅडम, मधे ठेवलेली राहून जातात का हो?" मी म्हटलं, "काळोखे, पिशवी आहे ती. एसटी नाही खिडकीची जागा मागायला." ते हसले नाहीत. एसटीत खिडकीशी ते बसतच नाहीत, बाहेरून काही लागलं तर?

आमचा पोस्टमन सांगतो की आलेलं पार्सल काळोखे घरात घेतच नाहीत. दारातून थेट गच्चीवर. तिथे तोंडाला रुमाल, हातात कंपनीतले मोजे, आणि पुस्तक पानापानाने उन्हात. नंतर आठ दिवस पत्र्याच्या ट्रंकेत कडुनिंबाच्या पाल्यात. तेवढं सोसून जे पुस्तक उरेल ते मग वाचायचं.

अशा माणसाला चाकणजवळच्या निघोजे गावाहून येणाऱ्या पार्सलांनी वेड लावलं होतं.

पाठवणाऱ्याच्या जागी लिहिलेलं असायचं, 'कौ. बा. गवारे, मु. पो. निघोजे'. अक्षर मोठं, गोल, एकेक अक्षर दाबून काढलेलं. काळोख्यांनी भिंगाखाली पाहून निकाल दिला की हे निवृत्त हेडमास्तर असणार. "फळ्यावरचं अक्षर आहे मॅडम. चाळीस वर्षांची सवय." तेव्हापासून ते 'गवारे सर' झाले. सरांची पुस्तकंही चमत्कारिक. कधी मुखपृष्ठ नसलेली रहस्यकथा, कधी स्पर्धा परीक्षेचा इतिहास, कधी जाडजूड कादंबरी, एकदा तर कांद्याच्या खतांची पुस्तिका. काळोखे म्हणाले, सरांचं वाचन चौफेर आहे.

आणि सगळ्या पुस्तकांत मधूनमधून एखाद्या शब्दाखाली पेन्सिलीची बारीक रेघ. काळोख्यांच्या मते ते सरांना भावलेले शब्द. वाचताना रेघ आली की हे थांबायचे, तो शब्द दोनदा मनात म्हणायचे, सरांना यात काय दिसलं असेल याचा विचार करायचे. एका पुस्तकात सरांनी 'तथापि' या शब्दाखाली तीन वेळा रेघ मारली होती. काळोखे आठवडाभर त्या 'तथापि'वर विचार करत होते. शेवटी त्यांना तो आवडायलाच लागला. कंपनीच्या रिपोर्टात त्यांनी लिहिलं, 'माल ठीक आहे, तथापि पॅकिंग सैल आहे,' तेव्हा मॅनेजरने बोलावून विचारलं की तब्येत बरी आहे ना.

आता खुणा केलेलं पुस्तक म्हणजे त्यांच्याच नियमाने लाल टॅग. पण निघोज्याच्या सहाच्या सहा पुस्तकांना त्यांनी हिरवा लावला. खुणांचा रकाना कोराच सोडला. मला हे सांगताना त्यांनी आजूबाजूला बघून घेतलं होतं. "आयुष्यात पहिल्यांदा खोटा रिपोर्ट दिलाय मॅडम. कोणाला कळलं तर?"

आणि मग सातारहून यादीबरोबर एक सूचना आली. काही सभासदांची तक्रार आहे, खुणा केलेली पुस्तकं पुढे पाठवू नयेत, पाठवणाऱ्याचं आणि ती चालवून घेणाऱ्याचं नाव यादीतून कमी करण्यात येईल. बास, काळोख्यांना तेवढं पुरलं. नेमकं त्याच आठवड्यात निघोज्याचं सातवं पुस्तक आलं होतं.

त्या गुरुवारी ते आले तेव्हा माझ्यापुढे आधारकार्डाची रांग दारापर्यंत गेलेली. त्यांनी पार्सल ठेवलं. उघड्या बाजूने लाल टॅग दिसत होता. पुस्तक परत चाललं होतं, सोबत अहवालाची दोन पानं, रेघ असलेल्या प्रत्येक ठिकाणाचं पान आणि ओळ लिहून. एकूण त्रेसष्ट जागा. शेवटी छापील ओळीवर खूण: 'माल नाकारला. दोष दूर केल्याशिवाय पुन्हा पाठवू नये.'

"बरोबर केलं ना मॅडम?" त्यांनी विचारलं. बोट काट्यावरच होतं.

मी मान वर न करता म्हटलं, "हो हो, पुढे चला."

त्यानंतर निघोज्याहून काही आलं नाही. पहिले दोन गुरुवार त्यांनी ते टपालावर ढकललं. मग पावसावर ढकललं. दोन महिने झाले तेव्हा ढकलायला काही उरलं नाही. खिडकीशी येऊन नुसते उभे राहायचे. माझ्याकडे निघोज्याचं काही नाही हे त्यांना माहीत असायचं, कारण त्यांचं टपाल घरी येतं. तरी विचारायचे.

मग सरांना काय झालं असेल याची यादी सुरू झाली. तळवड्याच्या रस्त्यावरचे कंटेनर. गॅसचं सिलिंडर. साप, कारण तिकडे अजून शेतं आहेत. पेपरातले निधनाचे फोटो ते भिंगाने बघायला लागले. एकदा म्हणाले, "हेडमास्तर माणूस. चाळीस वर्षं दुसऱ्याचे पेपर तपासले. आणि म्हातारपणी कोणी तरी त्यांनाच नापास केलं. हाय खाल्ली असेल हो." मी हसण्यावारी नेलं, पण घरी जाऊन भाजी चिरताना माझा हात थांबला. ते 'हो हो' मीच म्हटलं होतं.

मी म्हटलं, निघोज्याच्या पोस्टात फोन करून विचारते, दोन मिनिटांचं काम. काळोख्यांनी खिडकीच्या आत हात घालून माझा फोन दाबून धरला. एवढं धाडस त्यांनी त्याआधी केलं नव्हतं.

"नको मॅडम. विचारलं नाही तोवर सर जिवंत आहेत."

तरी ते गेल्यावर मी फोन केलाच. तिथला माणूस नवा होता. म्हणाला, गवारे म्हणजे निम्मं गाव आहे, कोणते सांगू? हेडमास्तर गवारे म्हटल्यावर म्हणाला, असे कोणी ऐकण्यात नाहीत. फोन ठेवला आणि मीच विचार करत बसले. ऐकण्यात नाहीत म्हणजे काय, आता नाहीत?

पुढच्या गुरुवारी काळोख्यांनी मला एक कागद दाखवला. माफीचं पत्र लिहायला बसले होते, पण आयुष्यात कोणाला पत्र लिहिलेलं नाही, त्यामुळे कंपनीत गिऱ्हाइकाची तक्रार आली की भरतात त्या नमुन्यात लिहिलं होतं. समस्या: चांगला माल नाकारला गेला. तात्पुरता उपाय: माफी. कायमचा उपाय: पुन्हा होणार नाही. आणि 'मूळ कारण' या रकान्यात स्वच्छ अक्षरात एवढंच होतं, 'तपासनीस भित्रा आहे.'

मी तो कागद दोनदा वाचला. हा माणूस मला आजवर करमणूक वाटत आला होता, त्याची मला लाज वाटली. मी म्हटलं, येत्या गुरुवारी सरकारी सुट्टी आहे, आपण दोघं जाऊ आणि हा कागद हातात देऊन येऊ. ते नको म्हणाले. मी म्हटलं, मग मी एकटी जाते. एकट्या बाईला त्या रस्त्याने पाठवलं आणि काही झालं तर, या विचाराने ते तयार झाले.

निगडीच्या स्टँडवर काळोखे माझ्याआधी अर्धा तास येऊन उभे होते. खांद्याला पिशवी. तिच्यात पाण्याच्या दोन बाटल्या, मलमपट्टी, टॉर्च आणि सापाच्या दवाखान्याचा पत्ता. भर सकाळी टॉर्च कशाला, हे मी विचारलं नाही. बसमध्ये ते आपत्कालीन दरवाजाशी बसले आणि त्याची कडी चालते का ते पाहून घेतलं. दोन्ही बाजूंनी कंटेनर चालले होते. प्रत्येक कंटेनरला त्यांनी डोळे मिटले. ताथवड्याकडची कॉलेजची पोरं मागे गाणी लावून बसली होती, ती यांच्याकडे बघून हसत होती. एरवी मीही हसले असते.

निघोज्यात उतरून तिघांना विचारलं तेव्हा एकाने बोट दाखवलं. कौ. बा. का, ते त्या वळणावरचं घर. वळण घेतलं आणि काळोखे जागीच थांबले.

घरापुढे ताडपत्री अंथरलेली. तिच्यावर वीसेक पुरुष बसलेले, बहुतेकांच्या डोक्यावर पांढऱ्या टोप्या. कोणी बोलत नव्हतं. एक म्हातारा खाली मान घालून काडीने जमीन उकरत होता. भिंतीशी बायका पदर तोंडाला लावून उभ्या होत्या.

"मॅडम, परत चला," काळोखे म्हणाले.

मला त्यांना धीर द्यायचा होता, पण मीच त्यांच्याबरोबर मागे सरले. आम्ही दोघं रस्त्याच्या कडेला, एका बंद टपरीच्या फळीला धरून उभे. काळोखे पुटपुटत होते, "दहावा असेल. का तेरावा? टॅग कधी पोचला असेल हो?" आणि बोटांवर दिवस मोजत होते. मीही मोजत होते. त्या पाच मिनिटांत मला कळलं की केवढी भीती घेऊन हा माणूस रोज उठतो, कंपनीत जातो, भाजी आणतो.

शेवटी मी एकटीच पुढे झाले आणि काडीने जमीन उकरणाऱ्या म्हाताऱ्याला विचारलं, "बाबा, इथे काय झालं?"

"काय व्हायचंय बाई. मोजनीवाले यायचेत. रस्ता रुंद करत्यात, आमची पडवी जातीय का ऱ्हातीय त्येची वाट बघतोय."

मी पुढे विचारलं, "आणि कौ. बा. गवारे?"

"मागं हाय. खोल्यांकडं."

घराच्या मागे पत्र्याच्या दहा-बारा खोल्यांची ओळ होती. कंपन्यांत कामाला येणाऱ्या परगावच्या पोरांसाठी अशा खोल्या तिथे घरोघरी आहेत. दोरीवर निळे युनिफॉर्म वाळत होते. शेवटच्या खोलीच्या उंबऱ्यात, पोत्यावर, साठीच्या आसपासची एक बाई बसली होती. मांडीवर पुस्तक, हातात पोरांचं खोडरबर. पदरावर, लुगड्यावर, पायाखाली रबराचा काळपट चुरा सांडलेला.

"गवारे सर कुठे भेटतील?" मी विचारलं.

"कंचं सर?"

"कौ. बा. गवारे."

"मीच की. कौसल्याबाई." मग तिची नजर माझ्या मागे उभ्या असलेल्या काळोख्यांवर, त्यांच्या खिशातल्या भिंगावर गेली आणि ती धडपडून उभी राहिली. पुस्तक छातीशी धरलं. "मंडळातनं आला व्हय तुमी? ह्ये बगा, निम्मं झालंय. दुसरी तीन पन घिऊन ठिवल्यात, ती बी साफ करते. एक पान जरा फाटलं खोडताना, तर भाताची खळ लावून चिकटवलंय. नाव तेवढं काढू नका यादीतनं."

पुस्तक तेच होतं. लाल टॅग अजून दोऱ्याने लटकत होता.

काळोखे दोन पावलं मागे सरले. सगळ्या जगाला भिणारा हा माणूस, आणि कोणी तरी त्याला भीत होतं. असं त्यांच्या बाबतीत याआधी कधी झालं नसावं. त्यांना ते बघवेना.

बाई काकुळतीला येऊन सांगत राहिली. खोल्यांतली पोरं कंपनी बदलली की रातोरात निघून जातात, मागे पुस्तकं टाकून जातात. झाडताना ती हिने गोळा केली. शाळेत कधी गेली नव्हती, नातीच्या पहिलीच्या पुस्तकावर अक्षरं शिकली. मंडळाचा पत्ताही असाच एका टाकून दिलेल्या पुस्तकात सापडला. वाचता यायचं, पण पुस्तकातले शब्द कळायचे नाहीत. घरात विचारावं तर सगळे हसायचे.

"पत्र घालायचं न्हाई आसा टपालाचा नेम हाय म्हनं. मग म्हनलं, कळत न्हाई त्या शब्दाखाली रेघ तरी मारू. पुढं वाचनारं मानूस शानं आसंल, त्याला उमजंल ही बाई इचारतीय म्हनून. त्यो कुटं तरी लिवून पाठवंल. सा पुस्तकं पाठवली. साव्यापत्तुर हिरवा कागद यायचा, बाकी काय न्हाई. सातव्याला ह्यो आला."

मला तिथून पळून जावंसं वाटलं. 'तथापि'ची तीन वेळा मारलेली रेघ माझ्या डोळ्यांपुढे आली. ती बाई तीनदा विचारत होती आणि इकडे आकुर्डीत हा माणूस आठवडाभर तो शब्द आवडून घेत बसला होता. मधे माझा नियम.

काळोख्यांनी खिशातला माफीचा कागद काढला, उघडला, आणि तसाच मिटून परत ठेवला. मग ते खाली बसले. पोतं झटकलं नाही, जागा पाहिली नाही, रबराच्या त्या चुऱ्यातच बसले.

"बाई, तो लाल टॅग माझा," ते म्हणाले. "यादीतून नाव जाईल म्हणून मी घाबरलो. तुमच्या पुस्तकात दोष नव्हता. आता खोडू नका."

कौसल्याबाई उभीच होती. तिला खरं वाटत नसावं.

"मला वाटायचं, कोणा मोठ्या माणसाला आवडलेले शब्द आहेत. तुम्ही जिथे थांबायचात, तिथे मी थांबायचो. माझ्याबरोबर थांबणारं दुसरं कोणी नाही. म्हणून सहा वेळा हिरवा लावला."

ती हळूच खाली बसली. हातातल्या खोडरबराकडे बघत म्हणाली, "पन आता तर निम्मं खोडलं की वो, आन तुमचा त्यो यादीचा कागद बी पावसात भिजून गेला. कुटं कुटं व्हत्या रेघा, काय ध्यानात ऱ्हातंय व्हय?"

काळोख्यांनी पुस्तकाला हात लावला नाही. समोर वाळणाऱ्या युनिफॉर्मकडे बघत म्हणाले, "पान चौदा. वरून सहावी ओळ. विमनस्क."

तिने बोट थुंकीने ओलं करून पान चौदा काढलं. ओळी मोजल्या. शब्दाखाली कागद घासून पांढरा पडला होता.

"व्हय, ह्योच," ती म्हणाली. "म्हंजी काय?"

"म्हणजे उदास. मन जाग्यावर नसलेला."

तिने मान हलवली, पण कळल्यासारखी नाही, आपल्याला शिकवणाऱ्याला वाईट वाटू नये म्हणून हलवतात तशी. काळोख्यांना ते दिसलं. तपासणीची नजर त्यांची, त्यांना दिसणारच.

"आई गेली त्यानंतर मी रोज सकाळी दोन कप चहा टाकत होतो," ते म्हणाले. "गाळून झाल्यावर लक्षात यायचं. मग दोन्ही मीच प्यायचो. सात-आठ महिने चाललं तसं. तो जो दुसरा कप पिणारा माणूस असतो ना, तो विमनस्क."

इतक्या वर्षांत ही गोष्ट त्यांनी कोणाला सांगितली नसणार. मला तर नाहीच. मी कधी विचारलंच नव्हतं.

कौसल्याबाईंनी खोडरबर उंबऱ्याच्या कोपऱ्यात ठेवलं. केसांत खोचलेली पेन्सिल काढली आणि चौदाव्या पानावर, सहाव्या ओळीत, त्या शब्दाखाली सावकाश रेघ ओढली. तेवढ्यात पुढच्या अंगणात जीप थांबल्याचा आवाज आला. कोणी तरी हाक मारली, मोजणीवाले आले, चल लवकर.

"येऊ द्या त्यास्नी," ती तिथूनच म्हणाली, आणि काळोख्यांकडे वळून म्हणाली, "तुमी पुढला शबूद सांगा."